किशोरवयीनांतील परस्पर छळ : चिकित्सालयातील ओळख व प्रतिबंध

वय वर्षे बारा ते सतरा या गटातील मुलामुलींच्या उदरशूल, शिरःशूल, अरुची व अनिद्रा या तक्रारी आपणा सर्वांच्या नित्य परिचयाच्या आहेत. कृमी, अम्लपित्त, पांडुता, चष्म्याचा नंबर, अवेळचे अरबट-चरबट खाणे ही कारणे आपण क्रमाने तपासतो आणि बहुतेक वेळा त्यांतच निदान सापडते. परंतु काही रुग्ण असे असतात की, त्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच हाती लागत नाही. जिव्हा साम नाही, पोट मऊ आहे, रक्ततपासणी निर्दोष आहे. तरीही दुखणे खरे आहे आणि मूल ढोंग करीत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळते. जाता जाता आई म्हणते, "वैद्यबुवा, शनिवार-रविवार अगदी ठणठणीत असतो हो!" या एका वाक्यापाशी आपण थांबावे, असे आम्हांस सुचवावयाचे आहे.

शाळेत, शिकवणीच्या वर्गात, शाळेच्या बसमध्ये आणि आता मोबाईलच्या पडद्यावर मुलांकडून मुलांचा जो छळ होतो, तो घरच्यांना कळण्यापूर्वी अनेकदा वैद्यासमोर व्याधीचे रूप घेऊन येतो. २००९ साली जिनी व पोझोली या इटालियन संशोधकांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून दाखविले की, ज्या मुलांचा सहाध्यायांकडून छळ होतो त्यांच्यात डोकेदुखी, पोटदुखी, झोपेच्या तक्रारी यांसारखी मनोदैहिक लक्षणे आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. आजारी मुलांचा छळ होतो की छळ झालेली मुले आजारी पडतात, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. नेदरलँड्समधील फेक्केस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. ज्यांचा छळ होत होता त्यांच्यात पुढील महिन्यांत नवी लक्षणे उद्भवली. त्याचबरोबर जी मुले आधीच खिन्न वा भयग्रस्त होती ती नव्याने छळाचे लक्ष्य होण्याची शक्यताही अधिक आढळली. म्हणजे हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. आपल्या शास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये; निदानार्थकर रोगाची कल्पना आपल्याला परिचित आहेच.

छळ कशाला म्हणावे?

मराठीत या प्रकाराला एकच एक शब्द नाही. चिडवणे, खोड्या काढणे, टिंगल, टवाळी, दादागिरी, रॅगिंग असे अनेक शब्द आहेत आणि त्यांतले पहिले चार इतके सौम्य आहेत की, त्यांच्या आडोशाला बरेच काही लपून जाते. "मुले आहेत, चिडवायचीच" हे वाक्य पालक, शिक्षक आणि वैद्य या तिघांच्याही तोंडी असते. म्हणून प्रथम भेद स्पष्ट करावयास हवा. डॅन ओल्व्हेउस या नॉर्वेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी तीन कसोट्या दिल्या. त्रास हेतुपुरस्सर दिलेला असतो, तो पुनःपुन्हा दिला जातो आणि ज्याला त्रास होतो तो स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ असतो, म्हणजेच दोन बाजूंच्या बलात विषमता असते. हे बल केवळ शरीराचे नसते. संख्येचे असते, पैशाचे असते, जातीचे व वस्तीचे असते, इंग्रजी बोलण्याचे असते, शिक्षकांच्या मर्जीचे असते; ऑनलाइन जगात तर निनावी राहण्याचेही असते. दोन तुल्यबळ मुले मैदानावर भांडली, तर तो छळ नव्हे. तोतरे बोलणाऱ्या मुलाला रोज वर्गात मुद्दाम उभे राहून वाचावयास लावणे आणि सर्वांनी हसणे, हा मात्र छळच होय. मग कोणी त्याच्या अंगाला बोटही लावलेले नसो.

मुलींमधील छळ बहुधा मारहाणीचा नसतो. एखादीला गटातून वगळणे, तिच्याशी कोणी बोलू नये अशी व्यवस्था करणे, तिच्या चारित्र्याविषयी कुजबुज पसरविणे असे त्याचे स्वरूप असते. बाहेरून पाहणाऱ्यास तेथे काहीच घडत नसते. अशा मुलीची आई आपल्यासमोर एवढेच सांगते की, हल्ली ही कोणात मिसळत नाही.

याचे प्रमाण किती? युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागील महिन्यात किमान एकदा असा त्रास सोसल्याचे सांगितले. आपल्या प्रतीक्षागृहात बसलेल्या शाळकरी मुलांकडे पाहताना हे प्रमाण मनात असू द्यावे.

एकाच अध्यायाच्या दोन बाजू

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, नवेगान्धारणीय, आपण सर्वांनी अभ्यासला आहे. त्यात धारण करू नयेत असे तेरा शारीर वेग सांगितले आहेत आणि त्याच अध्यायात लगेच पुढे धारण करावेत असे वेगही सांगितले आहेत. हे दुसरे वेग मन, वाणी व शरीर यांचे आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या हे मनाचे. परुष बोलणे, चहाडी, असत्य, अकाली बोलणे हे वाणीचे. आणि परपीडा घडविणारी कर्मे ही शरीराची. आमच्या मते शाळेतील छळाचे इतके नेमके वर्णन अन्यत्र शोधण्याची आवश्यकता नाही. छळणारे मूल जे धारण करावयास हवे ते मोकळे सोडते. आणि त्याचा परिणाम म्हणून छळले जाणारे मूल जे मोकळे सोडावयास हवे ते धारण करून बसते.

हे केवळ आलंकारिक बोलणे नव्हे. शाळांमध्ये असा त्रास जेथे विशेष होतो त्या जागा म्हणजे शिक्षकांची नजर नसलेल्या जागा. जिना, मैदानाचा कोपरा, बस आणि मुख्यत्वे स्वच्छतागृह. ज्या मुलाला तेथे एकदा कोंडले गेले किंवा तेथे ज्याचे चित्रीकरण झाले, ते मूल पुन्हा शाळेच्या स्वच्छतागृहाकडे फिरकत नाही. सकाळी सात ते दुपारी एक वाजेपर्यंत ते मूत्रवेग आवरते. तेवढ्यासाठी पाणीही पीत नाही. पुरीषवेगाचेही तेच. मूत्रकृच्छ्र, बस्तिशूल, विबंध, आध्मान ही लक्षणे घेऊन ते आपल्याकडे येते आणि आपण गोक्षुरादी योजना करून, पाणी भरपूर प्यावे असा उपदेश करून त्याला परत पाठवितो. पाणी का पीत नाहीस, हे विचारीत नाही. डबा हिसकावून घेतला जातो, म्हणून क्षुधेचा वेग मारला जातो. घरी येताच मूल अधाशासारखे खाते आणि आई तक्रार करते ती मात्र अजीर्णाची. चारचौघांत रडल्यास उद्या त्यावरूनच चिडवतील, म्हणून बाष्पवेग आवरला जातो. रात्री मोबाईलवर आपल्याविषयी काय लिहिले जात आहे, या धास्तीने निद्रावेग आवरला जातो. तेरा वेगांपैकी पाच वेग असे एकाच मुलात अवरुद्ध झालेले आढळू शकतात. बाष्पनिग्रहाच्या परिणामांत चरकांनी प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची व भ्रम सांगितले आहेत आणि उपायांत प्रिय कथा, म्हणजे मनाला आवडेल असे बोलणे, हाही एक उपाय सांगितला आहे. (त्याच ठिकाणचा मद्याचा उल्लेख या वयाला लागू नाही, हे सांगण्याची गरज नसावी.)

अन्य संदर्भही येथे जुळतात. मात्रेने घेतलेले पथ्यकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व प्रजागर यांमुळे पचत नाही, हे विमानस्थानातील त्रिविधकुक्षीय अध्यायात आले आहे. अतिसाराच्या चिकित्सेत भयज व शोकज असे दोन प्रकार चरकांनी स्वतंत्र गणले आणि त्यांच्या चिकित्सेत वातहर क्रियेच्या बरोबरीने हर्षण व आश्वासन यांचा स्पष्ट निर्देश केला. परीक्षेच्या दिवशी सकाळी चार वेळा शौचास जाणारे मूल आपण ओळखतो. ज्याला रोजच परीक्षा असते, ते मात्र ग्रहणीदोषाच्या पुस्तिकेत जमा होते.

या सर्वांवरून प्रत्येक पोटदुखीमागे छळ शोधावा, असे कोणी समजू नये. ज्वर, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारे शूल, मलातून रक्त, वारंवार वमन ही लक्षणे असता आधी संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे. परंतु कालाचा विचार आपल्या निदानाचा पाया आहे. रविवारी सायंकाळी सुरू होणारी, सोमवारी सकाळी वाढणारी, दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत नाहीशी होणारी आणि शाळा उघडताच परतणारी लक्षणे असतील, तर त्या काळाशी निगडित हेतू शोधणे हे वैद्याचे कर्तव्यच होय. काही बाह्य खुणाही लक्षात घ्याव्यात. दप्तर, डबा, कंपास वारंवार हरवणे, गणवेश फाटणे, खाऊचे पैसे अधिक मागणे किंवा घरातून पैसे नाहीसे होणे, शाळेचा नेहमीचा रस्ता सोडून लांबचा रस्ता धरणे, आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्याचा आग्रह. या शेवटच्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. हातावर स्वतः करून घेतलेल्या जखमा त्याखाली असू शकतात.

पडद्यावरील छळ

पूर्वी शाळा सुटल्याची घंटा झाली की, छळालाही त्या दिवसापुरता विराम मिळत असे. मोबाईलने ती सीमा पुसून टाकली. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून एकाला काढून टाकून उरलेल्यांनी त्याच्यावर विनोद करणे, इन्स्टाग्रामवर दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, छायाचित्रांत फेरफार करणे, खेळाच्या ॲपवर टोळी करून एकाला शिव्या देणे हे प्रकार मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी एखाद्या मुलीच्या साध्या छायाचित्रावरून अश्लील चित्र तयार करणेही सोपे झाले आहे. येथे प्रेक्षक अगणित असतात, मजकूर पुसला तरी त्याच्या प्रती उरतात आणि छळणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे दयेला वावच राहत नाही.

तथापि मोबाईलला सर्वस्वी दोषी धरणे आम्हांस मान्य नाही. २०१४ साली ८० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात प्रत्यक्ष छळात गुंतलेल्या किशोरांचे सरासरी प्रमाण सुमारे ३५ टक्के, तर ऑनलाइन छळाचे सुमारे १५ टक्के आढळले आणि दोन्ही प्रकार बऱ्याच अंशी त्याच मुलांच्या वाट्याला येतात असे दिसले. रात्री पडद्यावर जे चालते, त्याचे मूळ बहुधा दिवसा वर्गातच असते.

मुले हे घरी का सांगत नाहीत? एक कारण लज्जा. दुसरे अधिक व्यावहारिक आहे. सांगितले की आधी आपलाच मोबाईल काढून घेतला जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. म्हणजे छळ झाला त्यालाच शिक्षा. पालकांना आपण आग्रहाने सांगावयाचे ते हेच की, मूल बोलू लागले त्या दिवशी मोबाईल जप्त करू नये. उत्तर देऊ नये, मजकुराची तारीख-वेळेसह छायाप्रत जपून ठेवावी, त्या व्यक्तीला ब्लॉक करावे आणि त्या ॲपकडे तक्रार नोंदवावी. एक अपवाद महत्त्वाचा आहे. अल्पवयीन मुलामुलीचे नग्न वा अश्लील चित्र असेल, तर पुरावा म्हणूनसुद्धा त्याची प्रत काढू नये, दुसऱ्यास पाठवू नये आणि वैद्यानेही ते आपल्या फोनवर मागवून घेऊ नये. असे चित्र बाळगणे व पुढे पाठविणे हाच गुन्हा ठरू शकतो. ज्या फोनवर ते आले आहे, तो फोन तसाच घेऊन पोलिसांकडे जावे किंवा केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. तेथे महिला व बालकांविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्नपरीक्षा

काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी हे सांगितले आहे. चौदा वर्षांचा मुलगाही या बाबतीत न बोलणारे बालकच असतो. फरक इतकाच की, त्याला बोलता येते आणि योग्य रीतीने विचारल्यास तो बोलतो.

प्रथम पालकांना पाच-दहा मिनिटे बाहेर बसवावे. मुलगी असेल तर परिचारिका किंवा अन्य स्त्री खोलीत असावी. नाडीपरीक्षेचा येथे मोठा उपयोग होतो. हात हाती असताना जी शांतता लाभते, ती मूल बोलते करण्यास पुरेशी असते. आधुनिक दवाखान्याच्या घाईत ही सोय नाही, म्हणून आपण ती वाया घालवू नये. "तुला कोणी छळते का?" असा थेट प्रश्न प्रारंभी विचारल्यास उत्तर "नाही" असेच येते. त्याऐवजी मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस, डबा कुठे खातोस, शाळेत कुठल्या जागी जायला आवडत नाही, वर्गात मुले एकमेकांना काय नावाने हाक मारतात आणि तुला कोणत्या नावाने, असे विचारावे. नावाच्या प्रश्नावर पुष्कळदा मूल खाली पाहते. लुकड्या, जाड्या, काळ्या, बुटक्या, बायल्या, तोतऱ्या. क्वचित जात किंवा धर्म यांवरून ठेवलेले नाव. ते नाव त्याच्या तोंडून वदवून घेण्याचा हट्ट धरू नये.

जे सांगितले जाईल ते अविश्वासाशिवाय ऐकावे. "तू काय केले होतेस म्हणून ते असे वागले?" हा प्रश्न कितीही स्वाभाविक वाटला तरी त्या वेळी विचारू नये. सर्व काही गुप्त ठेवीन असे वचनही देऊ नये. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावे लागेल, हे आधीच स्पष्ट करावे.

मूल अतिशय खिन्न असेल, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलले असेल, तर स्वतःला संपवावे असे मनात येते का, हे सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णाला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. शेतकरी कुटुंबांत फवारणीच्या औषधाचा डबा ओटीवरच असतो, हे ग्रामीण भागातील वैद्यबंधूंनी विसरू नये. अशा रुग्णाला सात दिवसांचे औषध देऊन पुढील आठवड्यात बोलाविणे, हा उपचार नव्हे.

औषध आणि आश्वासन

औषध देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. निद्रेसाठी रात्री पादाभ्यंग, प्रकृती व अग्नी पाहून ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांची योजना, विबंधासाठी अनुलोमन, सर्वच उपयुक्त. पण ज्याचा हेतू दररोज सकाळी साडेसातला वर्गात भेटतो, त्याचे निदानपरिवर्जन चूर्णाने होणार नाही. सत्त्वावजयाचा अर्थ मनाला अहितकर विषयांपासून आवरणे असा आहे. येथे अहितकर विषय मुलाच्या मनात नसून त्याच्या भोवती आहे आणि तो दूर करणे हे मोठ्या माणसांचे काम आहे. "दुर्लक्ष कर" हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो. "तूही एक ठेवून दे" हा त्याहून घातक. बल विषम आहे म्हणून तर छळ चालला आहे. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व आणि पुढे तीस वर्षांपर्यंत सत्त्व प्रायः अनवस्थित, असे वर्णन विमानस्थानात आहे. अवर सत्त्वाच्या मुलाकडून प्रवर सत्त्वाच्या धैर्याची अपेक्षा करणे शास्त्रालाही मान्य नाही.

आणखी दोन गोष्टींपासून पालकांना परावृत्त करावे. छळणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन भांडू नये. गावात किंवा सोसायटीत त्याचे रूपांतर मोठ्यांच्या वैरात होते आणि मुलाची स्थिती अधिक बिकट होते. तसेच दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावू नयेत. आपल्याकडील शाळांचा हा आवडता तोडगा आहे. एका पक्षाला भीती वाटत असताना घडविलेला समेट म्हणजे दुसऱ्या पक्षाला मिळालेली मुभाच होय.

छळणारे मूलही कधीतरी आपल्याच दवाखान्यात येते. त्याच्याविषयी घृणा बाळगू नये. त्यांतील काहींनी घरी पट्ट्याचा मार खाल्लेला असतो, काही स्वतः अन्यत्र छळले गेलेले असतात आणि या दुहेरी भूमिकेतील मुलांची मानसिक स्थिती सर्वांत नाजूक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

"वय वाढले की विसरेल" असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा जन्मभर पाठपुरावा चालू आहे. सातव्या व अकराव्या वर्षी ज्यांचा छळ झाला होता, त्यांची स्थिती पन्नाशीपर्यंत पाहिली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात चाळीस वर्षांनंतरही खिन्नता, चिंताविकार व आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक आढळले.

बघ्यांचे बळ

कॅनडातील टोरांटो येथे प्राथमिक शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या सुमारे ८८ टक्के प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती. केवळ १९ टक्के प्रसंगी कोणी मध्ये पडले. परंतु मध्ये पडण्याच्या अशा निम्म्याहून अधिक प्रयत्नांत छळ दहा सेकंदांत थांबला. उपाय कोठे आहे हे यावरून कळते. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी वर्गातील मुलांच्या भूमिका वेगळ्या करून दाखविल्या. मदतनीस, हसून उत्तेजन देणारे, गप्प बसणारे, बचाव करणारे. या गप्प बसणाऱ्यांना बचावाकडे वळविण्यावर आधारलेला किवा हा कार्यक्रम तेथे २००९ पासून देशभरच्या शाळांत नेण्यात आला. त्याआधी नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर देशव्यापी मोहीम सुरू झाली होती. ओल्व्हेउस यांनी बर्गन शहरातील ४२ शाळांत सुमारे २,५०० विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याची नोंद झाली. त्यांच्या उपायांत एक अगदी साधी बाब होती : मधल्या सुट्टीत मैदानावर व आडोशाच्या जागी शिक्षकांनी हजर राहणे.

आपल्यापैकी अनेकजण शाळांच्या आरोग्य तपासणीस जातात, काही शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत, काही शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. वर्षातून एकदा व्याख्यान देण्यापेक्षा मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या बाहेर कोण उभे असते, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

औषधी विक्रेते व निर्माते यांच्यासाठी

ज्या मुलाला वैद्याकडे जायची लाज वाटते, ते आधी दुकानात येते. एकटेच येते, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभे राहते आणि वजन वाढविण्याची पावडर, उंचीची गोळी, गोरेपणाचा लेप किंवा मुरुमांवरचे काहीतरी मागते. अशा ग्राहकाला मालकाने वा नोकराने थट्टेने काही बोलू नये, ही किमान अपेक्षा. आठवी-नववीतील मूल खाऊचे पैसे साठवून असे काही मागत असेल, तर "हे कोणी सांगितले रे तुला?" एवढे प्रेमाने विचारल्यास बरेच उलगडते. त्याला माल न देता जवळच्या वैद्याकडे पाठवावे.

मात्र याहून अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. सडपातळ मुलाला मित्र हसत आहेत, तेच मूल पुढच्या चित्रात धष्टपुष्ट होऊन उभे आहे. सावळी मुलगी मागे पडली आहे, गोरी पुढे आहे. असे फलक आपल्याच व्यवसायातील अनेकांनी वर्षानुवर्षे लावले. मुले एकमेकांना ज्या नावांनी हिणवितात, त्यांतील काही शब्द त्यांनी आपल्या दुकानांच्या भिंतींवर वाचले आहेत. औषधी व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आपल्या औषधांनाही लागू आहे आणि त्याच्या परिशिष्टात स्थूलता व शरीराची उंची या दोन्ही बाबींचा समावेश आहे. कायद्याच्या भीतीने नव्हे, तर चौदा वर्षांच्या ग्राहकाकडे पाहून हे फलक उतरवावेत, अशी आमची विनंती आहे.

शाळा व कायदा

पालक पुष्कळदा विचारतात की, शाळेने दाद दिली नाही तर काय? महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. त्यातील व्याख्येत चिडवणे, धमकावणे, लज्जा वा भीती उत्पन्न होईल असे वर्तन यांचा अंतर्भाव असून, तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. सी.बी.एस.ई. ने २०१५ साली आपल्या शाळांना याविषयी समित्या नेमण्याच्या सूचना दिल्या. राज्य शासनाने २०२२ साली सखी सावित्री समित्यांची योजना केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे अपेक्षित आहे. जातिवाचक छळ असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. छळणारा अठरा वर्षांखालील असल्यास त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते आणि तेथील दृष्टी सुधारणेची असते, हेही पालकांना सांगावे. "त्याला आत टाका" या मागणीचा जोर त्यामुळे थोडा ओसरतो.

वैद्यावर प्रत्यक्ष बंधन आणणारा कायदा म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा. छळात लैंगिक स्पर्श, लैंगिक शेरे, नग्न चित्रे यांचा भाग असल्याचे समजले, तर कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे प्रत्येक व्यक्तीस बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. कुटुंबाने गप्प राहण्याची विनंती केली, हे कारण चालत नाही.

केसपेपरवर मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, तारखेसह लिहावेत. अंगावरील जखमांचे स्थान, आकार व वर्ण नोंदवावा. शाळेस पत्र द्यावयाचे झाल्यास त्यात तक्रारींचा काळ, अनुपस्थितीचे दिवस व वैद्यकीय निष्कर्ष एवढेच असावे. कोणत्याही मुलाचे नाव घालून आरोप करणे टाळावे. ते काम पालकांच्या लेखी तक्रारीचे आहे आणि त्या तक्रारीची पोच त्यांनी आवर्जून घ्यावी.

चिकित्सालयात व दुकानाच्या गल्ल्याजवळ पुढील क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत. संकटातील बालकांसाठी १०९८. मानसिक आरोग्यासाठी केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. सायबर गुन्ह्यांसाठी १९३०. फलक मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावा, आणि ज्या बाकावर पालक बसतात त्याच्या समोरच्या भिंतीवर नसावा. पालकांदेखत तो क्रमांक कोणतेही मूल लिहून घेत नाही.